लिगोरूची कोरी

लिगोरूमावशी एखाद्याच्या दारात येऊन उभी राहिली, की घरातला म्हातारा आधी स्वतःची नाडी चाचपायचा. त्यात त्याची काही चूक नव्हती. आमच्या लागिनारी गावात माणूस गेलं की विलाप करायला तिलाच बोलावणं जायचं, आणि ग्रीसच्या दक्षिण टोकाच्या आमच्या मानी मुलखात विलापाशिवाय पुरलेला माणूस म्हणजे अर्धाच पुरलेला. पाद्री आपलं काय ते म्हणतो, पण गेलं कोण, लेकरू कुणाचं, जगलं कसं, हे बायकांनी केस मोकळे सोडून, छाती पिटून, गाण्यातच सांगावं लागतं. लिगोरूनं आवाज लावला की खाली समुद्रावरचे मासेमार वल्ही वर धरून ऐकत राहायचे.

एक खोड मात्र होती तिला. विलापात ती खोटं बोलत नसे. थानासिस म्हातारा गेला तेव्हाची गोष्ट. थानासिस म्हणजे असा चिक्कू, की स्वतःच्या सावलीलासुद्धा फुकट बसू देणार नाही. त्याचे मुलगे डुकराची खारवलेली अख्खी तंगडी घेऊन लिगोरूकडे आले. "मावशी, बाबांना जरा उदार म्हण. लोकं येणार आहेत लांबलांबची."

तिनं सुरी काढली, एक काप कापला, सावकाश चावून खाल्ला आणि उरलेली तंगडी त्यांच्या हातात परत दिली. "चव झकास आहे रे. पण तुमच्या बापानं कुणाला चाखवली नाही ना कधी. मग मी काय म्हणू?"

आणि दुसऱ्या दिवशी भर अंगणात तिनं सूर धरला, की दिवा तुझ्या घरी कधी लागला रे बाबा, पाहुण्यानं तेल आणलं तेव्हा लागला. मुलगे लालबुंद झाले. विधवा मात्र ऊर बडवत ओरडली, "खरं आहे गं लिगोरू, अगदी खरं आहे!"

तर अशी ही बाई. नवरा लवकर गेला, पदरात एकच मूल, तेही मुलगी. मानीत मुलगा झाला की 'बंदूक झाली' म्हणतात, मुलगी झाली की विचारणारा विषय बदलतो. लिगोरूला कुणी डिवचलं की ती म्हणायची, "बंदुका तुमच्या तुम्हाला लखलाभ. माझी तोफ आहे." त्या तोफेचं नाव गारुफाल्या. चालली की पायवाटेवरचे दगड आधीच बाजूला होतील अशी पोर.

वयात आलेली ही गारुफाल्या एका सकाळी खडकांवर मीठ वेचायला गेली आणि परत आली नाही. तिची टोपली सापडली, कपारीत अडकलेली. गाव आठवडाभर खडक धुंडाळत होतं. शेवटी पापा-अनास्तासिस, आमचे पाद्री, लिगोरूच्या उंबऱ्यावर बसून हळूच म्हणाले, "बाई, विलाप करून घे. मन हलकं होईल."

"कुणाचा? टोपलीचा?" लिगोरू म्हणाली. "त्या दिवशी समुद्रातले स्पंज काढणाऱ्यांची होडी गेली होती इथून. उचललं असेल तिला. येईल."

झालं. त्यानंतर तिनं गावभर मयतीला काळं नेसावं आणि घरी येऊन ते खुंटीला टांगावं. ताट दोन माणसांचं वाढावं. उन्हाळा सरता सरता पोरीच्या लग्नाची पेटी उघडून चादरी, पलंगपोस भिंतीवर उन्हात घालावेत, झटकावेत, घड्या घालून परत ठेवावेत. गावातली पोरं त्या भिंतीजवळून बोलणं बंद करून जायची.

त्याच वर्षी लिआसला कोरी सापडली. लिआस होड्या बांधणारा. घरामागं पाण्याचं टाकं खणत होता. कुदळ टणकन वाजली आणि मातीतून एक संगमरवरी पोर वर आली. नाक तेवढं फुटलेलं, बाकी सगळी शाबूत, छातीशी डाळिंब धरलेली, ओठांत हसू दाबलेली. आमच्या बोलीत मुलीला कोरी म्हणतात, आणि असल्या दगडी पोरीलाही कोरीच. जुन्या काळच्या ग्रीकांना आम्ही हेलिनी म्हणतो, जसे काही ते आमचे कोणी लागतच नव्हते, भूशिराच्या पलीकडून आलेले कुणी राक्षस होते. चर्चच्या भिंतीत निम्मे दगड त्यांच्याच देवळाचे आहेत, घाईत उलटे बसवलेले, त्यामुळं अक्षरं डोक्यावर उभी. कोरीला त्याच भिंतीपाशी ठेवली. बायका येता-जाता तिच्या हातावर तुळशीची डहाळी ठेवायच्या. बाळंतपणाला टेकलेल्या सुना तिच्या पायाला हात लावून जायच्या. पापा तिकडं बघत नसत, म्हणजे बघितलंच नाही असं त्यांना म्हणता येई.

एकटी लिगोरू तिच्यासमोरून जाताना मान फिरवायची. "जमिनीला परकी कोरी परत देता आली," ती शेजारच्या कानेलाला म्हणाली होती. "समुद्राला माझी देववत नाही."

मग बऱ्याच वर्षांनी लढाई आली, आणि लढाईमागून इटालियन आले. खाडीपलीकडच्या बुरुजावर त्यांनी चौकी बसवली. दुर्बिणीतून त्यांना आमच्या ताटातले चणेसुद्धा मोजता आले असते, चणे असते तर. एक दिवस गिथिओ बंदरातून होडीनं एक अधिकारी आला, कोरीच्या गालावर त्यानं बोटं फिरवली आणि काहीतरी गोड आवाजात बोलला. बरोबर दुभाषा होता, केफालोनिया बेटावरचा, येरासिमोस नावाचा. आमच्यासारखाच ग्रीक, पण पोटासाठी त्यांच्या बुटांमागं चालणारा.

"साहेबांना आवडली," येरासिमोस म्हणाला. "जनरलसाहेबांना भेट द्यायची आहे. मोठी होडी घेऊन येऊ. जपून ठेवा."

"आणि हरवली तर?" लिआसनं विचारलं.

येरासिमोसनं ते भाषांतर केलंच नाही. खाली बघून म्हणाला, "हरवू देऊ नका, मास्तर. एका गावात असंच काही हरवलं होतं. सापडेना म्हणून माणसं भिंतीला उभी केली."

ते गेल्यावर चर्चमध्ये सगळे जमले. कुणी म्हणालं, देऊन टाका, दगडच आहे. कानेला उसळली. "दगड? माझी तिन्ही पोरं तिच्या पायाला हात लावून झालीत. तुझ्या बायकोनं काय तुझ्या पायाला लावला होता?" लिआस म्हणाला, समुद्रात सोडू. तेही कुणाला नको होतं. समुद्रात एक कोरी गेली होती ती पुरे होती. शेतात पुरावी तर बुरुजावरून दिसेल; नव्यानं उकरलेली माती दुर्बिणीला आधी दिसते. शेवटी पापांनीच तोंड उघडलं. माती उकरली तर संशय येत नाही अशी गावात एकच जागा आहे. स्मशान.

म्हणजे शवपेटी आली, घंटा आली, मयतीला वाटायचे उकडलेले गहू आले. आणि मानीतली मयत म्हटल्यावर विलाप आला.

सगळे लिगोरूकडं वळले.

"मेलंय कोण?" तिनं विचारलं.

"कुणी नाही, मावशी. कोरी," लिआस म्हणाला.

"मग रडू कुणासाठी?"

"एखादं नाव घे बनवून," पापा म्हणाले.

"बनवलेल्या बाईची आई कोण? बाप कोण? विलाप म्हणजे काय टोपली आहे, रिकामी विणून ठेवायला? आणि जित्या माणसाचं नाव घेतलं तर खारोस ऐकतो." खारोस म्हणजे आमच्याकडं माणसं न्यायला येतो तो, काळ्या घोड्यावरून. "त्याचे कान तुमच्या देवापेक्षा तिखट आहेत, पापा."

लिआस मनाचा साफ, पण जीभ सैल. तो बोलून गेला, "मग मेलेल्याचंच घे ना. ज्याचा विलाप राहिलाय त्याचं."

कुणी कुणाकडं बघेना.

लिगोरू उठली. "लिआस, खिळे तुझ्या पेटीला ठोक. माझ्या काळजाला नको ठोकूस." दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "मी चालेन बरोबर. तोंड उघडणार नाही."

तेवढ्यावर भागवायचं ठरलं. बुरुजावरून माणसं दिसतात, आवाज कुठं येतो! दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली. कोरीला गोणपाटात गुंडाळून पेटीत घातली आणि लिआसनं झाकण ठोकून बंद केलं. आता आमच्यात मढं उघड्या पेटीतून नेतात. शेवटचं ऊन तोंडावर पडलं पाहिजे, झाकण लागतं ते कबरीपाशी. पण उघडी ठेवली असती तर उन्हात डाळिंब दिसलं असतं. सहा धडधाकट माणसांनी पेटी उचलली आणि सहाही जणांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. पुढं पापा, मागं बायका, बायकांत लिगोरू, ओठ शिवल्यासारखे.

निम्मी वाट झाली. खरनूबाच्या झाडाखाली आले आणि खालच्या धक्क्याच्या पायऱ्यांवर बूट वाजले.

मोठी होडी आली होती. अधिकारी, चार शिपाई आणि येरासिमोस वर चढून वाटेतच समोर उभे ठाकले.

अधिकाऱ्यानं पेटी बघितली, टोपीला हात लावला आणि बाजूला झाला. माणूस अगदीच वाईट नव्हता. जाऊ दिलं असतं त्यानं. पण येरासिमोसच्या कपाळावर आठी पडली. तो आमच्याच रीतीनं बाप्तिस्मा झालेला माणूस, त्यानं आपली माणसं पुरलेली. तो पापांना म्हणाला, "झाकण का बंद?"

"रोग... रोगानं गेली," पापा म्हणाले.

"कुठला रोग?"

"ताप. लागट ताप."

"गावात साथ आहे आणि साहेबांना उतरू दिलंत?"

अधिकाऱ्यानं विचारलं, काय चाललंय? येरासिमोस उत्तर देण्याआधी पुन्हा इकडं वळला. "गेलं कोण? नाव काय?"

आणि तेव्हा सगळ्या गावाच्या लक्षात आलं. पेटी झाली होती, कबर खणून झाली होती, गहूसुद्धा शिजले होते. नाव ठरलं नव्हतं! नाव हे विलाप करणारीचं काम. आजवर लागिनारीत दुसऱ्या कुणी ते केलंच नव्हतं, त्यामुळं कुणाला सुचलंही नाही. एकानं नाव घ्यावं तर शेजारचा दुसरंच घेईल, या भीतीनं सगळे मुके.

पेटीला खांदा दिलेल्या लिआसचा पाय घसरला. पेटीचा कोपरा वाटेच्या दगडी बांधावर आदळला आणि आतून आवाज आला. ठक्क. हाडाचा नव्हे, मांसाचा नव्हे. लाकडावर दगड आपटल्याचा.

अधिकाऱ्याचा चेहरा बदलला. त्यानं नुसती हनुवटी हलवली. एक शिपाई पुढं आला आणि बंदुकीच्या संगिनीचं पातं त्यानं झाकणाच्या फटीत घातलं. पहिला खिळा कुरकुरला.

लिगोरूला तो कुरकुरलेला खिळा ऐकू आला. समोर पापांची मान दिसली, बारीक, सुरकुतलेली, लिआसची मान दिसली, कानेलाच्या नवऱ्याची. भिंतीला लागणाऱ्या माना. त्यातल्या कुठल्याही मानेसाठी तिला उद्या विलाप करता आला असता, नावगावासकट. फक्त एका नावासाठी तिच्याकडं शब्द नव्हते. ते नाव उच्चारलं की स्पंजवाल्यांची होडी परत यायची नव्हती. दुसरं ताट वाढायचं नव्हतं.

तिनं डोक्यावरचा रुमाल ओढून काढला. पिकलेले केस पाठीवर पडले. शिपायाला कोपरानं ढकलून ती पेटीवर आडवी झाली आणि तिनं सूर लावला.

"ऐक डोंगरा, ऐक रे दर्या,
ही माझी कोरी गारुफाल्या.
एकच होती माझी पोर,
बंदूक नाही, तोफ थोर.
मीठ वेचाया गेली सकाळी,
टोपली आली, ती नाही आली."

मग कानेलानं आपला रुमाल फेकला आणि हंबरडा फोडला, आणि मग सगळ्याच. त्यात नाटक कुणी केलं नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं.

येरासिमोस ऐकत होता. "बुडालेली आहे," तो अधिकाऱ्याला सांगत होता असं दिसलं. मग कानेलाला त्यानं विचारलं, "सापडली कधी?"

"काल सकाळी. कपारीत. आईसमोर बुडाली म्हणवेना, म्हणून पापा ताप म्हणाले," कानेला हुंदक्यातून म्हणाली. खोटं बोलायला तिला कधीच अडचण आली नव्हती.

"आणि एका पोरीला सहा बाप्ये पेलत नाहीत?"

लिगोरूनं मान वर केली नाही. गाण्यातूनच उत्तर आलं.

"किती गं बाई जड झालीस,
सारा दर्या पिऊन आलीस.
सहा जणांना पेलत नाहीस,
माझ्या कडेवर फूल होतीस.
झाकण उघडू नका रे कुणी,
चेहरा गेला खाऱ्या पाण्यानी.
सूर्यालासुद्धा सांगा जाऊन,
आईला ठाऊक, घ्या मानून."

येरासिमोस शिपायाशी दोन शब्द बोलला. काय बोलला ते देव जाणे, पण माशांबद्दल काहीतरी असावं, कारण शिपायानं पातं असं काढलं जसा हात भाजला. अधिकाऱ्यानं टोपी काढली. पण गेला नाही. चालायला लागला, पेटीमागून, कबरीपर्यंत!

दोरांवर पेटी सोडताना दोर करकरले. खाली टेकली तेव्हा पायाखालची जमीन किंचित हलल्यासारखी वाटली. पापांनी प्रार्थना इतक्या भरभर म्हटली, की अर्ध्या संतांची नावं गळली. लिआसनं फावडं उचललं.

"थांब," लिगोरू म्हणाली.

फावडं हवेत राहिलं. गावाला वाटलं, आता ही सगळं सांगून टाकणार. दुःखात माणूस काय करील याचा नेम नसतो. अधिकारीही वाकून उघड्या कबरीत बघत होता. उचकटलेल्या फटीतून गोणपाटाचं टोक दिसत होतं.

"कानेला, माझ्या घरी जा. लग्नाच्या पेटीत सगळ्यात वर लाल पलंगपोस आहे. घेऊन ये."

कानेला धावली. ती येईपर्यंत काय काय झालं म्हणाल, तर काहीच झालं नाही. तेच कठीण होतं. फटीतल्या गोणपाटाकडं बघायचं नाही म्हणून सगळं गाव आकाशाकडं बघत उभं होतं, आणि आकाशात काय आहे म्हणून शिपाईही वर बघायला लागले. कानेला धापा टाकत आली. लिगोरूनं तो पलंगपोस उलगडला. डाळिंबाची नक्षी होती त्यावर, पोरीनं स्वतः विणलेली. एकदा झटकला, दरवर्षी झटकायची तसा, आणि कबरीत सोडला. फट झाकली गेली.

मग माती पडली. येरासिमोसनंही वाकून मूठभर टाकली. आमच्यात म्हणतात तसं तो म्हणाला, "माती तिला हलकी होवो." आणि उठता उठता पापांच्या कानाशी पुटपुटला, "तिचं स्वतःचं वजनच पुष्कळ आहे."

पापांनी चटकन मान वळवली. पण येरासिमोस हात झटकून आपल्या साहेबामागं उभा राहिला होता आणि कुठंतरी समुद्राकडं बघत होता.

चर्चच्या भिंतीपाशी कोरी नाही म्हटल्यावर अधिकारी भडकला. पापांनी चुन्याच्या भट्टीकडं बोट केलं. "ईस्टरला चर्च रंगवायला चुना नव्हता, साहेब. भाजली." संगमरवर भाजून चुना करणारी गावं आमच्याकडं हवी तितकी; अधिकाऱ्याला ते लगेच पटलं, हीच आमच्या इज्जतीची गंमत. त्यानं पापांच्या कानाखाली एक ओढली आणि त्यांच्या दोन्ही शेळ्या होडीत घातल्या.

"काय म्हणाला रे तो?" लिआसनं नंतर येरासिमोसला विचारलं.

"रानटी म्हणाला."

"देव त्याचं भलं करो," लिआस म्हणाला, आणि तिथंच वाटेवर मटकन बसला.

त्या संध्याकाळी लिगोरूनं एकच ताट वाढलं. दुसऱ्या दिवशी काळं नेसून बाहेर आली आणि त्यानंतर ते कधी खुंटीला टांगलं नाही. लिआस कधी कधी चिडवायचा, "मावशी, एकदा तरी खोटं बोललीस की नाही?"

"कुठला शब्द खोटा? कोरी म्हटलं. कोरी नव्हती?"

"आणि दर्या पिऊन आली?"

"असला पांढरा दगड आपल्या डोंगरात आहे कुठं? बेटावरनंच आणला असणार हेलिनींनी. दर्यावरनं." मग थोडं थांबून म्हणायची, "आणि दुसरीचं मला ठाऊक आहे."

लढाई संपली. आमच्यात काही वर्षांनी कबर उघडतात, हाडं वाईननं धुतात, आणि मग जागा दुसऱ्याची होते. वस्तुसंग्रहालयाचा माणूस आला तेव्हा लिगोरू म्हणाली, रीतीनं होईल तर होईल. त्यानं बिचाऱ्यानं टोपी काढून मान डोलावली. कोरी वर आली. बायकांनी तिचं तोंड, हात, डाळिंब वाईननं धुतलं, आणि त्यांत लिगोरूही होती. फुटक्या नाकावरून तिनं अंगठा फिरवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं कोरीकडं सरळ बघितलं.

पलंगपोसाचा चिखल झाला होता, पण लाल धागा जागोजाग शाबूत होता. तो माणूस म्हणाला, "हेही जपून ठेवू आम्ही."

"ती तुमची," लिगोरू म्हणाली. "हा आमचा." तिनं धाग्यांचा तो गोळा उचलून परत कबरीत ठेवला. "आणि जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, पापा. ही भरलेली आहे."

लिआसनं माती लोटली. क्रॉसवर गारुफाल्याचं नाव आलं. त्याच वर्षी कानेलाच्या पोरीचं लग्न ठरलं आणि लिगोरूनं ती लग्नाची पेटी तिच्या दारात नेऊन ठेवली. पोरगी मागं सरली. "मावशी, ह्या तर गारुफाल्याच्या चादरी."

"मग? तिला एक दिली आहे," लिगोरू म्हणाली. "मातीखाली कोण चादरी बदलत बसतं? घे, आणि उन्हात घालत जा. आळशी आहेस, तुझी आई सांगत होती."